इंग्रजीतील मोठे अक्षर आणि मराठीतील विशेषनाम

इंग्रजीत शोधनिबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या लेखनात वर्णलेखनाच्या चुका पूर्वीइतक्या आढळत नाहीत. संगणक त्या दाखवून देतो आणि बहुधा दुरुस्तही करतो. मात्र एक चूक अशी आहे की ती त्याच्या नजरेतून पुष्कळदा निसटते. शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहावे की लहान, हा तो प्रश्न होय. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द मोठ्या अक्षराने आरंभिला तरी शुद्ध, आणि लहान अक्षराने आरंभिला तरी शुद्धच. कोणत्या ठिकाणी कोणता हवा, हे वाक्याच्या आशयावरून ठरते. म्हणजे ही चूक वर्णांची नसून अर्थाची आहे, आणि म्हणूनच भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने तिच्याकडे लक्ष देणे योग्य ठरते.

शालेय व्याकरणांत या विषयावर नियमांची एक यादी दिलेली असते. वाक्याचा आरंभ, माणसांची व गावांची नावे, वार, महिने, भाषा, ग्रंथांची शीर्षके आणि 'मी' या अर्थाचे एकाक्षरी सर्वनाम, एवढ्या ठिकाणी मोठे अक्षर योजावे, असे ती यादी सांगते. यादी चुकीची नाही. पण ती पाठ असूनही चुका होतात, असा अनुभव आहे. त्याचे कारण माझ्या मते असे की, यादीच्या मुळाशी असलेली 'विशेषनाम' ही कल्पना आपण मराठी व्याकरणातून घेऊन इंग्रजीकडे जातो, आणि दोन्ही भाषांत व्याख्या एकच असली तरी तिची व्याप्ती एक नाही. प्रस्तुत लेखात हेच दाखवावयाचे आहे. येथे सर्व इंग्रजी शब्द देवनागरीत दिले असल्यामुळे कोणते अक्षर मोठे व कोणते लहान हे प्रत्येक वेळी शब्दांनी सांगावे लागेल. ही गैरसोय वाचकाने सहन करावी. किंबहुना तिच्यातच विषयाचे एक अंग आहे.

मोठ्या व लहान अक्षरांचा भेद रोमन लिपीच्या जन्मापासून नव्हता. रोमन शिलालेखांत दिसतात ती सर्व आजची मोठी अक्षरे होत. लेखणीने भराभर लिहिताना त्यांना जी वळणे पडली, त्यांतून कालांतराने लहान अक्षरे तयार झाली, आणि इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत शार्लमेनच्या राज्यात त्यांना नेटके रूप मिळाले. जुनी व नवी अशी एकाच लिपीची दोन रूपे पुढे एकाच पानावर नांदू लागली, आणि मग त्यांच्यात कामाची वाटणी झाली. मुद्रणकाळात जुळारी मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत व लहान अक्षरांचे खालच्या पेटीत ठेवीत. इंग्रजीतील 'अपर केस' व 'लोअर केस' या संज्ञा त्यावरून आल्या. देवनागरीच्या जुळाऱ्याला याहून कितीतरी अधिक खण लागत, पण ते मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे यांसाठी. नामाची जात दाखविणारा खण त्यांत नव्हता.

ही कामाची वाटणी इंग्रजीत फार उशिरा स्थिर झाली, हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही. सतराव्या शतकात व अठराव्या शतकाच्या बऱ्याच भागात इंग्रजी लेखक महत्त्वाची वाटणारी, आणि पुष्कळदा सर्वच, नामे मोठ्या अक्षराने लिहीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या त्या काळच्या पत्रांत वाक्याच्या मध्येच घोडा, गलबत, तह, खंडणी अशा अर्थांचे शब्द मोठ्या अक्षराने सुरू झालेले दिसतात, ते याच रूढीमुळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चाल मावळली. जर्मन भाषेने ती आजही राखली आहे. डॅनिश भाषेने १९४८ साली सोडली. तेव्हा आज आपण जो 'नियम' म्हणून शिकतो, तो एका भाषासमाजाने अडीचशे वर्षांपूर्वी केलेली निवड आहे. 'मी' या अर्थाचे सर्वनाम मोठे लिहिण्यातही इंग्रजांचा अहंकार शोधण्याचे कारण नाही. हस्तलिखितात एकटे लहान अक्षर हरवते म्हणून ते मोठे झाले, असे त्याचे सामान्यतः मान्य असलेले स्पष्टीकरण आहे.

एकोणिसाव्या शतकात मराठी गद्य इंग्रजीच्या सहवासात आले, तेव्हा त्याने इंग्रजीकडून स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह व अवतरणचिन्हे उचलली. मेजर कँडी यांचा या कामी मोठा वाटा होता. मोडीत शब्द तोडून लिहिण्याचीही रीत नव्हती. तेथून विरामचिन्हांपर्यंत मराठी लेखनाने केलेला प्रवास लहान नाही. पण मोठे अक्षर मात्र आले नाही, येऊ शकले नाही. स्वल्पविराम लिपीच्या बाहेरचा आहे, तो कोणत्याही लिपीशेजारी बसतो. मोठे अक्षर लिपीच्या अंगातच असावे लागते.

मराठी मजकूर रोमन लिपीत छापला गेला तेव्हा मात्र मोठ्या-लहान अक्षरांची निवड करणे भागच पडले. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातील राचोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले. त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि १९०७ साली मंगळूर येथून निघालेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती. १९५६ साली बंडेलू यांनी ते देवनागरीत प्रसिद्ध केले. लिप्यंतर होताना मोठ्या अक्षराचा भेद आपोआप गळून पडतो. तरी ओवी वाचताना नाम कोणते व सामान्य शब्द कोणता असा संभ्रम मराठी वाचकाला पडत नाही. याचा अर्थ, जे काम इंग्रजी लेखन अक्षराच्या आकाराने करते, ते मराठीत दुसरे कोणीतरी करीत असले पाहिजे.

ते काम मराठीत सामान्यरूप करते. 'प्रकाशाने खोली उजळली' आणि 'प्रकाशने दार उघडले' ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात उजेड आहे, दुसऱ्यात माणूस. प्रत्ययापूर्वी शब्दाचे रूप बदलले तर तो सामान्य शब्द; तो जसाच्या तसा राहिला तर ते व्यक्तीचे नाव. 'आशेने वाट पाहिली' यात मनाची अवस्था आहे; 'आशाने वाट पाहिली' यात शेजारची मुलगी. शोभेचा व शोभाचा, विजयाला व विजयला, संध्येचा व संध्याचा ही जोडकी अशीच आहेत. इंग्रजीतील मोठे अक्षर कानाला ऐकू येत नाही. 'मे' हा महिना आणि 'मे' हे साहाय्यक क्रियापद, किंवा चायना हा देश आणि त्याच नावाची चिनी मातीची भांडी, यांचा भेद केवळ कागदावर आहे. मराठीतील भेद मात्र उच्चारात आहे, आणि कागदावर तो उच्चाराच्या मागोमाग येतो. या बाबतीत मराठीची सोय अधिक मूलगामी आहे, असे म्हटल्यास तो भाषाभिमान ठरू नये.

परंतु ही सोय मर्यादित आहे, आणि नेमकी तिची मर्यादाच आपल्या विद्यार्थ्यांच्या चुकांचे मूळ आहे. सामान्यरूप टाळण्याची सवलत मराठी मुख्यतः आपल्या काळातील, आपल्या परिचयाच्या माणसांच्या नावांना देते. देवदेवता व पुराणपुरुष यांना ती मिळत नाही: 'सीतेला वनवास घडला' असे आपण म्हणतो, पण 'सीताला हाक मार' असेही म्हणतो. पहिली रामायणातील आणि दुसरी घरातील, हे कोणालाही सांगावे लागत नाही. नद्यांनाही ती नाही. मुरगूडचा शेतकरी 'वेदगंगेला पूर आला' असेच म्हणेल. 'वेदगंगाला' म्हटल्यास ऐकणारा त्या नावाची बाई कोण, असे विचारील. गावांची स्थिती दोन्हींच्या मधली आहे. 'मुरगूडला गेलो' यात नाम अविकृत राहते, पण 'मुरगुडात राहतो' यात दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. सातारा तर 'साताऱ्याला' असा दोन्हीकडे बदलतो. वार आणि महिने यांना मराठी व्याकरण अगदी सामान्य नामांप्रमाणे वागविते: सोमवारी, चैत्रात, श्रावणाचा. भाषेच्या नावाचीही तीच गत. मराठी भाषकाच्या कानाला 'सोमवार' आणि 'सकाळ' यांत, किंवा 'चैत्र' आणि 'उन्हाळा' यांत नामाच्या जातीचा काही फरक जाणवण्याचे कारणच नाही.

इंग्रजी लेखनरूढी मात्र या सर्वांना एका ओळीत बसविते. सीता देवी असो की शेजारीण, वेदगंगा, मुरगूड, सोमवार, चैत्र, मराठी ही सर्व तिच्या दृष्टीने सारखीच नावे, आणि सर्वांना मोठे अक्षर. उलट उन्हाळा, पावसाळा व हिवाळा यांचे इंग्रजी शब्द सामान्य नामे मानली जातात व लहान अक्षराने लिहिली जातात. म्हणून इंग्रजीत 'मे' महिना मोठा आणि त्याच महिन्यातला उन्हाळा लहान. अभ्यासविषयांतही असेच घडते. इतिहास, भाषाविज्ञान, अर्थशास्त्र यांची इंग्रजी नावे साध्या वाक्यात लहान अक्षराने लिहावयाची, पण मराठी, संस्कृत, इंग्रजी ही मोठ्या अक्षराने, कारण ती भाषांची नावे आहेत. विशेषनामापासून बनलेले विशेषणही मोठे अक्षर राखते. 'मराठी नाटक' या अर्थाच्या शब्दसमूहात पहिला शब्द मोठा, दुसरा लहान. माझ्या पाहण्यात विद्यार्थी मुरगूड किंवा कोल्हापूर लहान अक्षराने सहसा लिहीत नाहीत. ते चुकतात वार, महिने, भाषा व विशेषणे येथे. म्हणजे मराठीचे व्याकरण जेथे त्यांना काही इशारा देत नाही, नेमके तेथे.

विशेषनाम व सामान्यनाम यांची सीमा ओलांडणारे शब्द आपल्या भागात विपुल आहेत, आणि त्यांवर हा विचार तपासून पाहणे उपयुक्त होईल. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देसाई हे शब्द मूळचे हुद्द्याचे. 'मुरगूडचा पाटील' याचे इंग्रजी करताना पाटील लहान अक्षराने लिहावा, कारण तो अधिकार आहे. पाटील हे आडनाव असलेल्या प्राध्यापकाचा उल्लेख करताना मोठ्या अक्षराने, कारण ते नाव आहे. महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे पद १९६२च्या कायद्याने संपले, पोलीस पाटील राहिला, आडनाव तर राहिलेच; त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील कागदांवर इंग्रजीत लिहिणाऱ्या संशोधकाला हा निर्णय पानोपानी घ्यावा लागतो. तो चुकला तर हुद्दा कोणता आणि कुळ कोणते याचा वाचकाला उलगडा होत नाही, व कधी कधी निष्कर्षही बिघडतो. मराठीनेही येथे आपला भेद राखला आहे. 'पाटलाने पंचनामा केला' यात हुद्दा आहे. 'पाटीलने पहिला क्रमांक मिळविला' यात वर्गातील मुलगा. आदरार्थी बहुवचनात 'पाटलांनी' व 'पाटीलांनी' अशी दोन्ही रूपे आज ऐकू येतात, आणि दुसरे रूप आडनावापुरते वाढत चालले आहे. जुन्या पिढीला ते खटकते. मला ते खटकत नाही. आडनावाने हुद्द्यापासून फारकत घेतल्याची ती व्याकरणाने केलेली नोंद आहे.

मुरगूड येथील सर पिराजीराव तलाव हे दुसरे उदाहरण. या नावात किताब, व्यक्तिनाम व सामान्यनाम असे तीन घटक आहेत. संपूर्ण नाव इंग्रजीत लिहिताना तिन्ही मोठ्या अक्षरांनी लिहावे लागतात, कारण तिघांचे मिळून एक विशेषनाम झाले आहे. पुढच्या वाक्यात 'तलावाचे पाणी' असा उल्लेख आला की तलाव पुन्हा सामान्यनाम होतो व लहान अक्षरावर येतो. यातील 'सर' हा कागल जहागिरीच्या घाटगे घराण्यातील पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब यांचा किताब असल्यामुळे नावापूर्वी येतो. आपल्या महाविद्यालयांतील 'सर' नावानंतर येतो आणि शिक्षकवाचक आहे. इंग्रजीत नावाला जोडून लिहावाच लागला तर तोही मोठ्या अक्षराने लिहिणे सुसंगत होईल. पण संबोधन म्हणून एकटा आलेला 'सर' वाक्याच्या मध्ये लहानच लिहावयाचा, आणि पत्राच्या मायन्यात तो पुन्हा मोठा. एकच शब्द, तीन स्थाने. नातेवाचक शब्दांचीही हीच रीत. मुरगूडजवळच्या आदमापूरचे बाळूमामा हे अखंड नाव आहे. त्यातील मामा कोणाच्या आईचा भाऊ नव्हे. 'माझा मामा' यातील मामा इंग्रजीत लहान अक्षराचा, आणि तोच शब्द नावाऐवजी हाक म्हणून वापरला तर मोठ्या अक्षराचा.

दिशांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. दक्षिण ही दिशा इंग्रजीत लहान अक्षराने लिहितात, पण 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' या १९०८ साली बनलेल्या व १९५१ साली दक्षिण रेल्वेत विलीन झालेल्या कंपनीच्या नावात 'सदर्न' हा नावाचा भाग आहे, म्हणून तो मोठा. 'दक्षिण महाराष्ट्र' हे केवळ वर्णन की प्रदेशाचे रूढ नाव, याचे उत्तर प्रत्येक लेखकाने आपल्या प्रबंधापुरते एकदा ठरवावे व मग पाळावे. जिल्हा, तालुका यांविषयी इंग्रजी शैलीपुस्तकांतही एकमत नाही. तेथे एकरूपता एवढाच निकष पुरे.

आता विद्यापीठाकडे वळू. 'शिवाजी विद्यापीठ' हे पूर्ण नाव मोठ्या अक्षरांनी. पुढे नुसते 'विद्यापीठ' आले तर सर्वसाधारण गद्यात लहान अक्षराने. विद्यार्थी येथे विद्यापीठाच्या परिनियमांकडे बोट दाखवितात, कारण तेथे तो शब्द सर्वत्र मोठ्या अक्षराने असतो. त्यात विसंगती नाही. कायद्याच्या भाषेत आरंभीच 'विद्यापीठ म्हणजे अमुक विद्यापीठ' अशी व्याख्या केलेली असते, आणि त्या व्याख्येमुळे तो शब्द त्या दस्तऐवजापुरता विशेषनाम होतो. शोधप्रबंध हा कायदा नव्हे.

याच्याही मागे एक खोल समजूत आहे, ती ही की मोठे अक्षर म्हणजे मान. मार्गदर्शक, प्राचार्य, आई, वडील, गुरू यांचे इंग्रजी शब्द ऋणनिर्देशात हमखास मोठे होतात. मराठीत आदर दाखविण्यास अनेकवचन आहे, 'श्री.' आहे, 'राव', 'पंत', 'ताई' आहेत. इंग्रजीत यांपैकी फारसे काही सापडत नाही, तेव्हा लेखणी हाताशी असलेल्या मोठ्या अक्षराचा आश्रय घेते. ही प्रवृत्ती समजण्यासारखी आहे, पण इंग्रजी वाचकाला त्यातून आदर पोहोचत नाही, केवळ विचित्रपणा पोहोचतो. इंग्रजीतही देवाचा उल्लेख, राजाचे बिरुद अशा काही कोपऱ्यांत मोठे अक्षर मान दाखविते, हे खरे. मात्र ते अपवाद आहेत, आणि त्यांतील काही तर मावळत चालले आहेत.

असे असले तरी मोठे अक्षर केवळ व्याकरणाची बाब राहत नाही, असे एक स्थळ आहे, आणि ते आपल्याच भाषेतून इंग्रजीत गेलेले आहे. 'दलित' हे मूळचे विशेषण. दडपलेला, भरडलेला असा त्याचा अर्थ. १९२०च्या मार्चमध्ये माणगाव येथे, त्या वेळच्या कागल जहागिरीत, जी परिषद भरली आणि जिला डॉ. आंबेडकर अध्यक्ष व शाहू महाराज पाहुणे म्हणून लाभले, ती 'बहिष्कृत वर्गाची' परिषद होती. तेथेही शब्द विशेषणच होता, आणि तो इतरांनी केलेल्या कृतीचे वर्णन करीत होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. त्यानंतरच्या चळवळीत व साहित्यात 'दलित' हे लोकांनी स्वतः धारण केलेले नाव म्हणून दृढ झाले. मराठी लेखनात हे स्थित्यंतर दिसत नाही. वर्णनही 'दलित' आणि नावही 'दलित'. इंग्रजीत मात्र लेखकाला निवड करावीच लागते. लहान अक्षराने लिहिले तर ते एका अवस्थेचे वर्णन होते. मोठ्या अक्षराने लिहिले तर ते एका समाजाचे नाव होते. अमेरिकेतही असाच वाद झाला. कृष्णवर्णीयांसाठी त्या काळी रूढ असलेला शब्द मोठ्या अक्षराने लिहावा, यासाठी ड्यू बॉइस यांनी आग्रह धरला, आणि न्यूयॉर्क टाइम्सने १९३० साली तो मान्य केला. 'ब्लॅक' हा शब्द समाजवाचक असता मोठा लिहावा, असे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० साली ठरविले. आपल्या विभागातील प्रबंधांत 'दलित साहित्य' या पदातील पहिला शब्द मोठ्या अक्षराने व दुसरा लहान अक्षराने लिहावा, असे माझे मत आहे. लहान अक्षर वापरण्यास मनाई नाही. पण वापरणाऱ्याने ते जाणून वापरावे.

शेवटी मराठी ग्रंथनामांच्या रोमन लेखनाविषयी. इंग्रजी शीर्षकांच्या दोन पद्धती आहेत: एकीत महत्त्वाचे सर्व शब्द मोठ्या अक्षराने, दुसरीत केवळ पहिला शब्द व विशेषनामे. मराठी शीर्षकांना दुसरी पद्धत लावावी, हे ग्रंथालयशास्त्राच्या रीतीला धरून आहे. दामले यांचे १९११ सालचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या पद्धतीने लिहिताना 'शास्त्रीय' पहिला म्हणून मोठा, 'मराठी' भाषेचे नाव म्हणून मोठा, आणि 'व्याकरण' लहान. संगणकावर वापरल्या जाणाऱ्या हार्वर्ड-क्योटो किंवा आयट्रान्स यांसारख्या लिप्यंतरपद्धती मात्र येथून कटाक्षाने दूर ठेवाव्यात. त्यांत मोठे अक्षर नाम दाखवीत नाही, ध्वनी दाखविते. लहान 'टी' म्हणजे त, मोठा 'टी' म्हणजे ट. लहान 'एन' म्हणजे न, मोठा 'एन' म्हणजे ण. त्या पद्धतीत मुरगूड लिहिले, तर आरंभीचा 'एम' लहान राहतो, आणि गावाच्या नावात मोठी अक्षरे दोनच येतात: एक दीर्घ ऊकाराचे, दुसरे अखेरच्या डकाराचे.